स्वतःच्या शाईची व्यवस्था

९ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहिते आहे. फोनवर मी 'दादा' म्हटलं की तुझ्याकडची लाइन खराब होते. म्हणून कागद.

दादाकडे आई बरी आहे. म्हणजे होती तशीच आहे. डावी बाजू हलत नाही, तोंड वाकडं झालंय ते झालंय, पण बोललेलं आता निम्म्याहून जास्त कळतं. चेष्टाही करते. तिला सांभाळायला दादानं त्याच्याच कंपनीतली एक बाई ठेवली आहे. ताडमाड उंच. आई तिला 'शिडी' म्हणते आणि तिलाही ते आवडतं. सकाळी सातला येते, आईला पुसते, कपडे बदलते, भरवते आणि दिवसभर तिला खुनाच्या मालिकांच्या गोष्टी सांगते. खुनी कोण ते आई आधीच ओळखते म्हणे.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. गेल्या आठवड्यात दादा माझ्या ऑफिसात आला. तू पाहिलेलं नाहीस माझं ऑफिस. शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली शिलाई मशीन चालू झालं की माझं टेबल थरथरतं. दादानं खुर्ची रुमालानं पुसली, बसला आणि टेबलावर कागदांचा एक गठ्ठा टाकला. म्हणाला, एवढी वाक्यं नीट करून दे, बाकीचं मी बघतो.

गठ्ठा म्हणजे करार. दादाच्या कंपनीत ज्या बायका आणि पुरुष घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करतात, त्या सगळ्यांनी नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून सही करायची. काम तेच, घरं तीच, अंगावरचा निळा कोटही तोच. फक्त रजा नाही, आजारपण नाही, कामावर हात-पाय मोडला तर तो त्यांचा स्वतःचा.

असे करार लिहिणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे कंत्राटदार हा शब्द ऐकून मला झटका येत नाही. गावभर बोर्ड रंगवणारा रंगारी, लग्नाचे फोटो काढणारा, चार दुकानांचे हिशेब बघणारी बाई, ही माणसं खरोखर स्वतंत्र असतात आणि त्यांचे करार मी आनंदानं लिहिते. माझी मोजपट्टी साधी आहे. किती वाजता यायचं ते कोण ठरवतं? अवजारं कुणाची? दुसरीकडे काम करता येतं का? आणि सगळ्यात शेवटी, आलेल्या कामाला नाही म्हणता येतं का? दादाच्या कागदात वेळ त्याची, कोट त्याचा, उशीर झाला तर दंड त्याचा. काम सोडलं तर दोन वर्षं शहरात दुसरीकडे कुठे हेच काम करायचं नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. इथे तर वाळाही नाही, बेडीच आहे.

आणि ऐक. हा कागद त्यानं कुठल्यातरी छापखान्याच्या करारावरून उतरवला होता. अकराव्या कलमात लिहिलंय, 'कंत्राटदार स्वतःच्या शाईची व्यवस्था स्वतः करील.' म्हाताऱ्यांचे लंगोट बदलणाऱ्या बायकांनी शाई आणायची. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा हसला नाही. "ते काढून टाक," म्हणाला. निदान आपण कशाखाली सही घेतोय ते वाचावं, एवढीही त्या बायकांची किंमत त्याला वाटली नव्हती, याची मला शिसारी आली.

मी त्याला सांगितलं, दोनच रस्ते आहेत. नोकर म्हण आणि नोकरासारखं वागव. नाहीतर स्वतंत्र म्हण आणि खरंच मोकळं सोड. तो म्हणाला, बरं, तुला हवं तसं लिही. इतक्या पटकन कबूल झाला की मलाच चुटपूट लागली. तरी लिहिलं. काम निवडायचा हक्क, कारण न देता नाही म्हणायचा हक्क, दुसरीकडे काम करायची मोकळीक, आणि कामावर इजा झाली तर कंपनीचा विमा. शाईचं कलम अर्थातच काढलं. पैसे घेतले नाहीत. वकील म्हणून नव्हे, बहीण म्हणून लिहिते आहे, असं त्याला वर लिहूनही दिलं.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. तू भागीदार आहेस. बाबांचं घर विकलं तेव्हा तुझा हिस्सा तू याच कंपनीत घातलास आणि तशीच विमानतळावर गेलीस. तू निघताना मी घराच्या फाटकापाशी तुला जे बोलले ते आता उकरत नाही.

— छोटी

२८ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण आता हे पोटात ठेवलं तर ओकारी होईल.

परवा आईकडे गेले होते. ती झोपली होती आणि शिडी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "वकीलबाई, तुमच्या कागदावर सही केली बरं का आम्ही सगळ्यांनी." मी विचारलं, माझा कागद कुठला? तेव्हा कळलं. दादानं सगळ्यांना गोळा केलं, चहा पाजला आणि सांगितलं की माझी सख्खी बहीण वकील आहे, तिनं स्वतः बसून तुमच्या भल्याचा कागद केलाय, डोळे मिटून सह्या करा. त्यांनी केल्या. शिडी म्हणाली, "तुमचं नाव घेतलं म्हणून वाचला नाही. एरवी मी भाजीवाल्याची पावतीसुद्धा वाचते."

तिनं पिशवीतून तिची प्रत काढली. पहिली पानं माझी. निवडायचा हक्क, नाही म्हणायचा हक्क, सगळं जिथल्या तिथे, माझ्या स्वल्पविरामांसकट. उद्या कुणी सरकारी माणूस तपासायला आला तर दाखवायला बरी असावीत म्हणून ठेवलेली. त्यापुढे विम्याचं पान गायब. त्याच्या जागी, 'कंत्राटदार स्वतःच्या इजेस स्वतः जबाबदार राहील.' दोन वर्षांची बंदी परत आलेली. आणि त्याखाली, ताई, खोटं नाही सांगत, शाई. जुनं पान तसंच्या तसं घुसवलं होतं, पुन्हा न वाचता. दाखवायचे दात माझे, खायचे त्याचे.

मी शिडीला म्हटलं, हे माझं नाही. तिनं हातातला चिमटा दोरीला लावला. मग म्हणाली, "मग आमच्या दोन वेण्यांच्या पोरीचं काय ते सांगा." ही त्यांच्यातलीच एक. एका जाडजूड आजोबांना न्हाणीघरात धरताना फरशीवर पाय घसरला. आजोबा हिच्या अंगावर पडले म्हणून वाचले. हिचं मनगट मोडलं. सही करून आठवडाही झाला नव्हता. कंपनीनं काय केलं असेल? फुलांचा गुच्छ पाठवला. 'लवकर बऱ्या व्हा, आपलं कुटुंब.' आणि त्याच गुच्छाला खोचलेल्या पाकिटात नोटीस, की तुम्ही बदली माणूस न देता काम अर्धवट सोडलंत, तेव्हा झालेलं नुकसान भरा.

गुच्छ आणि नोटीस एकाच रिबिनीत. मी इतकी वर्षं माणसांचे कागद बघते आहे. फसवणारे बघितले, लबाड बघितले, एकमेकांना बुडवणारे सख्खे भाऊ बघितले. पण ही रिबीन बांधताना त्या ऑफिसातल्या कुणाचेच हात थांबले नाहीत, हे डोक्यातून जात नाही.

तशीच दादाच्या ऑफिसात गेले. तो काटा-चमचा घेऊन जेवत होता. भिंतीवर त्या सगळ्या बायकांचा निळ्या कोटातला मोठा फोटो आणि खाली 'आम्ही एक कुटुंब'. मी विचारलं, कुटुंबातल्या पोरीचं मनगट मोडलं की नोटीस पाठवतात का? तोंड पुसून म्हणाला, भावनेवर धंदा चालत नाही. सगळ्याच कंपन्या असं करतात. मी म्हटलं, माझं नाव का वापरलंस? तर म्हणतो, बहिणीचं नाव घ्यायला भावानं परवानगी मागायची का?

मग कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "आणि मी एकट्यानं नाही केलं. दुसऱ्या भागीदाराची संमती आहे."

तुझी सही. प्रत्येक पानावर. शाईच्या कलमाशेजारीसुद्धा.

वाचायला वेळ नव्हता, असं मला सांगू नकोस. दादाकडून मला फार अपेक्षा नव्हती, म्हणून त्याचा राग तरी येतो. तुझ्याबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही. तुझं पहिल्या पत्राला उत्तर का आलं नाही, तेवढं मात्र कळलं.

— छोटी

१६ एप्रिल

ताई,

तुझ्या दोन ओळी मोबाइलवर पोचल्या. 'मला कायद्यातलं कळत नाही. दादा सांगतो तिथे मी सही करते.' कायदा माझ्या ऑफिसाखालच्या शिंप्यालाही कळत नाही. पण कापड बघितल्याशिवाय तो कात्री चालवत नाही.

इकडे काय झालं ते सांगते. शिडीनं निरोप पाठवला, बायका जमणार आहेत, तुम्ही येऊन सांगा. एका शाळेचा हॉल होता. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळ्या बसलेल्या. दोन वेण्यांची पोर प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. नाही झाला. त्या नुसत्या बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

मी काय लिहिलं होतं आणि काय बदललं ते पानापानानं सांगितलं. दादा माझा अशील नाही, म्हणून बोलायला मोकळी होते. कोर्टात जाता येईल, हा कागद तिथे टिकणार नाही, पण निकाल लागेपर्यंत कदाचित वर्षं जातील, हेही सांगितलं. खोटी आशा लावली नाही.

शिडी उभी राहिली. छताला डोकं लागतंय की काय असं वाटलं. "वकीलबाई, ते पहिल्या पानावरचं खरं आहे ना? नाही म्हणायचं?"

"खरं आहे. त्यावर त्याची स्वतःची सही आहे."

"कारण द्यावं लागेल?"

"नाही."

हॉलमध्ये पहिल्यांदा कुजबूज झाली. कुणी म्हणालं, सगळ्यांनीच सोमवारी नाही म्हणू. लगेच दुसरी म्हणाली, आणि माझी ती आजी एकटी असते तिचं काय, ती मरेल. यावर त्या बराच वेळ भांडल्या. मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं, की कुठल्याही गिऱ्हाइकाचं काम बंद करायचं नाही. बंद करायचं ते फक्त कंपनीच्या वरच्या माणसांच्या घरातलं. मॅनेजरचे सासरे, हिशेबनिसाची आत्या. आणि आई.

शिडीनं माझ्याकडे बघून सांगितलं, "तुमच्या आईकडे सोमवारपासून मी येणार नाही. तोंडावर सांगून ठेवते."

मी मान डोलावली. मला ते पटलं.

सोमवार उद्यावर आलाय. वहिनी तिच्या बहिणीकडे निघून गेली आहे, 'मला हे सगळं झेपत नाही' म्हणून. दादा म्हणतो, कुणी हिंमत करणार नाही.

— छोटी

२४ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात एक लिहिलं नव्हतं. 'मला पटलं' हे खोटं होतं. हॉलमधली बैठक शुक्रवारी झाली आणि शनिवारी रात्री मी शिडीच्या घरी गेले. जिन्याखालची एक खोली, पण पलंगावरची चादर अशी ताणलेली की हॉस्पिटलातही नसते. मी तिला म्हटलं, बाकी सगळ्यांकडे नाही म्हणा, आईला तेवढं वगळा. तिचा काय दोष? मी तुमच्या बाजूनं उभी राहिले ना? हे शेवटचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं. त्याचा वास अजून जात नाही.

शिडी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, कारण द्यावं लागत नाही." आणि मला पाणी दिलं. मी ते न पिता आले.

सोमवारी सकाळी दादाचा फोन. "ये. लगेच ये." एवढंच. गेले तर हा आईच्या खोलीच्या दाराबाहेर, नाकाला रुमाल लावून उभा. रात्रीत आईला पोट बिघडल्यासारखं झालं होतं. चादर, गाऊन, पाठ, सगळं. ती तशीच पडून भिंतीकडे बघत होती, आणि हा चाळीस बिछान्यांना माणसं पुरवणारा धंदेवाला दारात उभं राहून मला म्हणाला, "हे कसं करतात?"

मला आईची किळस आली नाही असं म्हणणार नाही. आली. श्वास तोंडानं घेतला, बाह्या वर केल्या. दादाला म्हटलं, धर. त्याला कुठे धरायचं तेही माहीत नव्हतं. त्यानं तिचा निर्जीव हात ओढला तशी ती कळवळली. मी दाखवलं तसं खांद्याखाली हात घालून त्यानं तिला कुशीवर केलं आणि दुसऱ्याच क्षणी तोंड दाबून न्हाणीघरात पळाला. बेसिनमध्ये ओकल्याचा आवाज येत राहिला. मी एका हातानं आईला तोलून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं पुसत होते. परत आला तेव्हा डोळे लाल झालेले. त्यानं पुन्हा धरलं, हे कबूल करते.

आई म्हणाली, "शिडी कुठे?"

मनात म्हटलं, देऊ दे यालाच उत्तर. हात घाणीत, कपाळावर घाम, समोर स्वतःची आई उघडी पडलेली. आता तरी खरं बोलेल.

"आजारी आहे ती," दादा म्हणाला.

ताई, त्या खोलीत जे जे होतं त्यात मला सगळ्यात जास्त किळस त्या तीन शब्दांची आली.

आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. तिला एकेक शब्द ओढून आणावा लागतो. "नाही. मीच म्हटलं तिला. नको येऊस."

दादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो वाकला. आईनं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी सगळं. शिडीनं शनिवारीच तिला सांगितलं होतं आणि बिछान्याशी बसून रडली होती, की तुम्हाला टाकून कशी राहू. आईनं तिला विचारलं, त्या मोडक्या हाताच्या पोरीला कोण बघतं? कुणी नाही, म्हटल्यावर आई म्हणाली, मग तू येऊ नकोस. माझं बघायला माझी पोरं आहेत.

म्हणजे मी शिडीच्या दारात आईसाठी गयावया करत होते, तेव्हा शिडीला हे माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नाही. आईनं सांगू नको म्हटलं असणार. आणि आईनं काय केलं होतं माहीत आहे? रविवारी दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं, आपल्यामुळे जास्त घाण होऊ नये म्हणून. त्यानंच पोट बिघडलं असेल किंवा नसेल. ओठ सोलवटले होते.

दादा खाली बसला. पलंगाच्या पायाशी, ओल्या फरशीवर. रडला वगैरे नाही. म्हणाला, "आई, तुला काही कळत नाही धंद्यातलं."

आई म्हणाली, "पाठ धू नीट."

त्यानं धुतली.

तीन दिवस त्यानं काढले. दुसरी माणसं आणायला बघितली, पण या कामातल्या माणसांत बातमी वाऱ्यासारखी पसरते. कुणी आलं नाही. मॅनेजरनं सासऱ्यांवरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या आणि हिशेबनीस तर रजेवर गेला. त्याला अजून रजा आहे. रोज सकाळी मी जायची आणि आम्ही दोघं न बोलता आईला पुसायचो. गुरुवारी टॉवेल पिळता पिळता दादा म्हणाला, तुझा पहिला कागद आण. त्याला पश्चात्ताप झाला असं समजू नकोस. वास सहन झाला नाही. मीही त्याला पश्चात्तापाचं विचारलं नाही. जे हातात आलं ते घेतलं.

माझा मूळ करार, विम्यासकट. दोन वेण्यांच्या पोरीची नोटीस मागे, तिच्या औषधपाण्याचा आणि घरी बसायच्या दिवसांचा भार कंपनीवर. ज्यांना कंत्राट नको त्यांना जुनी नोकरी परत. बऱ्याचजणींनी नोकरीच मागितली. शिडीनं मात्र कंत्राट घेतलं. म्हणाली, मला नाही म्हणायची चव लागली.

शुक्रवारपासून ती परत येते आहे. माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नाही. बरोबरच आहे.

आता तुझ्यापाशी येते. भागीदाराच्या सहीशिवाय हे लागू होत नाही. कागद सोबत जोडला आहे. या वेळी वाच. प्रत्येक पान वाच. सही करायची नसेल तर कागद परत पाठवू नकोस, तू स्वतः ये. दादाला अजून आईची कूस नीट बदलता येत नाही, आणि तिसऱ्या माणसाचे हात लागतात.

— छोटी

२० मे

ताई,

पाकीट मिळालं. सगळ्या पानांवर सह्या आहेत आणि सहाव्या पानावर माझी एक चूक तू पेन्सिलीनं सुधारली आहेस. म्हणजे वाचलंस. चूक खरीच होती.

मी ते आईकडे घेऊन गेले. शिडी तिचे केस विंचरत होती. आईनं विचारलं, आणखी काय लिहिलंय? मी पाकीट उलटं करून तिच्यासमोर झटकलं. काही पडलं नाही. खोटं काहीतरी सांगता आलं असतं. शिडी माझ्याकडे बघत होती, आईही.

"काही नाही लिहिलं," मी म्हटलं.

आईनं पानं मागितली. चालता हात तुझ्या सहीवरून हळूहळू फिरवला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, न चुकवता. शिडी फणी हातात धरून थांबली.

"अक्षर बापासारखं आहे," आई म्हणाली. मग पानं मला परत दिली आणि शिडीला म्हणाली, "हं. विंचर."

— छोटी